कुसळवाडीचा रंग

नकाशावर आमच्या शिक्षक कॉलनीचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा सगळ्यात आधी फोन आला तो सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे यांचा.

"रोहिणीताई, तुम्ही त्याच खात्यात, आणि हे काय होऊन बसलं? माझ्या पुतण्याला बघायला पाहुणे येणार होते. आज सकाळपासून फोनच उचलत नाहीत."

मी म्हटलं, "कुलथे, पिवळा म्हणजे तपासणी करून घ्या, एवढाच त्याचा अर्थ आहे."

"तो तुमच्यासाठी. लोकांसाठी नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. गावागावाच्या धोक्याचा हा रंगीत नकाशा काढला तो आम्ही, कर्करोग नोंदणी केंद्रातल्या लोकांनी, आणि काढला तो फुंकरगाड्या कुठं पाठवायच्या हे ठरवायला. पण तो प्रत्येकाला फोनवर दिसला पाहिजे असं वर कोणाच्या तरी डोक्यात आलं. झालं. वर्षभरात लोक पत्रिकेच्या आधी गावाचा रंग बघायला लागले. "मुलगा लाखात एक आहे हो, पण गाव पिवळं," हे मी एका लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ताटातली जिलबी तशीच ठेवून उठले होते मी. माझ्या उभ्या नोकरीचं फळ काय, तर लोकांना नाही म्हणायला एक नवं कारण मिळालं.

फुंकरगाडी म्हणजे काय ते सांगते. गाडीत एक नळी असते, तिच्यात माणसानं फुंकायचं. शरीरात कुठं गाठ धरू लागली असेल तर श्वासात काही वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात वाढतात. ते यंत्राला ओळखता येतात, अगदी गाठ हाताला लागायच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा. यंत्र चोख आहे. पण राज्यभरात गाड्या मोजक्या आणि गावं हजारो, त्यामुळे गाडी कुठं जाणार हे आमचं मॉडेल ठरवतं, आणि एकदा ठरलं की तीन वर्षं त्यात बदल नाही.

मॉडेलचं गणित दिसतं तितकं अवघड नाही. समजा, एखाद्या गावात नऊशे माणसं आहेत. एका वर्षी तिथं तिघांना कर्करोग निघाला की गावाचा दर एकदम आभाळाला टेकतो. पुढच्या वर्षी कोणालाच निघाला नाही की शून्य. दोन्ही आकडे फसवे. म्हणून लहान गावाच्या आकड्यावर एकट्यानं विश्वास ठेवायचा नाही, शेजारच्या गावांचे आकडे त्यात मिसळायचे. गाव जितकं लहान, तितकं शेजाऱ्यांचं जास्त ऐकायचं. मग त्यात वंचितता निर्देशांक घालायचा: घराला छप्पर कसलं, पाणी कुठून आणतात, पोरं शाळेत किती टिकतात, दवाखाना किती लांब. गरिबी आणि रोग यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते मॉडेल स्वतः शोधून काढतं आणि त्यावरून प्रत्येक गावाचा धोका सांगतं.

आणि आमचं मॉडेल दर वेळी एकच सांगत होतं. जितकं गाव गरीब, तितका बायकांमधला कर्करोग कमी. गरिबीच्या पुढं वजाबाकीचं चिन्ह.

आमचे संचालक डॉ. हर्षे यावर खूश होते. कष्टाचं शरीर, ज्वारीची भाकरी, मोकळी हवा, असं त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. परिषदांमध्ये टाळ्या पडायच्या. ते ऐकलं की माझं डोकं धरायचं, कारण मी कष्टाची शरीरं जवळून बघितलेली आहेत. पण नुसत्या चिडण्याला कोण विचारतं? आकडे त्यांच्या बाजूनं होते.

कुलथ्यांचा फोन आला म्हणून मी शिक्षक कॉलनीचे रुग्ण उघडून बसले. नावं झाकलेली असतात. वय, बाई की पुरुष, घराची जागा, एवढंच दिसतं. बघते तर बहुतेक सगळ्या बायका, चाळिशी-पन्नाशीतल्या. आता आमच्या कॉलनीत या वयाच्या बायका आहेतच कुठं? पोरं पुण्याला, सुना त्यांच्याबरोबर, मागं राहिलेत ते निवृत्त मास्तर आणि त्यांचे गुडघे. मग एवढ्या रुग्ण आल्या कुठून?

त्यातली एक जागा माझ्याच घराची होती. मला काही झालंय आणि मलाच सांगितलं नाही की काय, असं वाटलं. मग वय वाचलं. ती अलका होती, माझी धाकटी बहीण. दोन महिने झाले, ती पोटातला कर्करोग घेऊन माझ्याकडे राहत होती. आई-वडील गेल्यावर, आणि भाऊ नसल्यामुळे, तिचं माहेर म्हणजे मीच. हॉस्पिटलात पत्ता विचारला तेव्हा मीच घाईत शिक्षक कॉलनी सांगून मोकळी झाले होते. 'मागील दहा वर्षांचे वास्तव्य' असाही एक प्रश्न असतो. तिथं काउंटरवरच्या मुलीनं विचारायच्या आधीच 'वरीलप्रमाणे' दाबलं होतं. सगळीकडे तेच दाबतात.

पंचवीस-सव्वीस वर्षं कुसळवाडीत नांदलेली बाई आमच्या मॉडेलनं शिक्षक कॉलनीच्या खात्यात घातली होती.

घरी आले तेव्हा अलका पाय पसरून कोथिंबीर निवडत बसली होती. तिला म्हटलं होतं कामाला हात लावू नकोस, पण ऐकेल तर ती अलका कसली.

"अलके, तुला माझ्याकडे जा म्हणून कोण म्हणालं गं?"

"सासूबाई. म्हणाल्या, चार दिवस माहेरी जाऊन ये, बरं वाटेल." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आमच्याकडे सगळ्याच जातात. आमच्या आळीतली शकू भावाकडे लातूरला गेली, तिकडेच वारली. सरपंचाची भावजय वर्षभर आईकडे आहे. पलीकडची लता पण."

"का पण?"

"का म्हणजे? सासरी आजारी पडायची सोय असते का कुठं? आडवं झालं तर भाकरी कोण थापणार? शिवाय पडलेली बाई दिसली की दहा तोंडं विचारणार, काय झालं, काय झालं. जावेला तर आयतंच. मंगल माझ्या दुखण्याची बातमी गिरणीपर्यंत पोचवून आली असती." मंगल म्हणजे तिची थोरली जाऊ. या दोघींचं पहिल्या दिवसापासून कधी पटलं नाही. "माहेरचं कोणी बोलत नाही. करतात गुपचूप."

आमच्या नकाशातली सगळी गरीब गावं हिरवी का होती, ते ती मला कोथिंबीर निवडता निवडता सांगत होती. बायका आयुष्यभर राबायच्या एका गावात आणि आजारी म्हणून मोजल्या जायच्या दुसऱ्याच, दवाखान्याजवळच्या शहरात. सासरचं गाव धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. हिरवं म्हणून तिकडे गाडी नाही, गाडी नाही म्हणून लवकर काही सापडत नाही, आणि उशिरा सापडलं की बाईची माहेरी रवानगी.

दुसऱ्या दिवशीपासून मी नोंदणीतल्या सगळ्या स्त्री रुग्णांच्या घरी फोन लावायला घेतले. मी म्हणजे मी स्वतः नाही, आमच्या केंद्रातलं बोलणारं यंत्र. बाईच्या आवाजात बोलतं, समोरच्याची बोली ओळखून तसंच बोलतं. पहिल्यांदा ते विचारायचं, "ताई आधी कुठं राहत होत्या?" तर लोक म्हणायचे, "आमचीच लेक आहे, इथलीच आहे." मग मी प्रश्न बदलला. "ताईंना कुठल्या गावात दिलं होतं?" त्यावर लोकांनी गाव सांगितलं, आणि गावाबरोबर सगळं सांगितलं. सासूनं काय केलं, शेवटचं काय खायला मागितलं, पोरं कोणाकडे आहेत. एका बापानं यंत्राशी एवढा वेळ बोलून शेवटी त्यालाच विचारलं, तुझं माहेर कुठलं गं पोरी?

बायकांना त्यांच्या त्यांच्या सासरी नेऊन बसवलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. वजाबाकीचं चिन्ह गेलं आणि त्या जागी बेरजेचं आलं. नदीच्या वरच्या अंगाची पाच गावं लालभडक झाली. शेजाऱ्यांचे आकडे मिसळूनही लाल, कारण आता शेजारीही लालच होते. मधोमध कुसळवाडी. पाणी, चुलीचा धूर, फवारणी की मिश्री, नेमकं कारण कुठलं ते मॉडेलला कळत नाही. ते फक्त जागेवर बोट ठेवतं.

डॉ. हर्षेंनी पडद्यावर नवा नकाशा बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, मी याच्यावर किती ठिकाणी भाषणं ठोकलीत माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. मी पहिल्या रांगेत होते."

त्यांना राग आला नाही. निवृत्तीला आलेला माणूस, त्यांच्यात रागावण्याएवढी ताकद राहिली नव्हती. म्हणाले, "गाड्यांची यादी सोमवारी बंद होते. ही दुरुस्ती आत्ता घातली तर गावं लाल होऊन गाडी मिळेल. नाहीतर तीन वर्षांनी. तुमच्या बहिणीचं सासर आहे म्हणता त्यात. तुम्ही ठरवा, मी सही करतो." मोठेपणा दाखवून त्यांनी सगळं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं.

अलकाला सांगितल्याशिवाय करणं मला बरं वाटेना. सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावून आली.

"ताई, ईश्वरीची सुपारी फुटलीय."

मला माहीत होतं. ईश्वरी म्हणजे तिची एकुलती एक लेक. आंबेदऱ्याचं स्थळ, मुलगा बँकेत. लग्न मार्गशीर्षात.

"त्यांनी पहिल्या बैठकीत काय विचारलं सांगू? गावाचा रंग. मी फोन काढून दाखवला, हिरवा. तेव्हा कुठं चहाला हात लावला त्यांनी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मला तुझ्याच पत्त्यावर राहू दे. माझं काय, मी कुठंही मोजली गेले तरी जाणारच आहे. लग्न होऊन जाऊ दे, मग काय लाल करायचं ते कर."

"लग्नानंतर यादी उघडत नाही गं. तीन वर्षं गाडी येणार नाही. आणि तू एकटी नाहीस त्यात. शकू आहे, लता आहे, अजून ज्यांना काही ठाऊकच नाही त्या आहेत. तुझी ईश्वरीसुद्धा तेच पाणी पिऊन मोठी झाली."

"ती लग्न होऊन जाईल ना दुसऱ्या गावाला."

"पिऊन झालेलं पाणी बरोबरच जातं."

बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. मरायला टेकलेल्या बहिणीशी मी वाद जिंकत होते.

शनिवारी ईश्वरी आईला भेटायला आली. निघताना मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. म्हटलं, लग्न तुझं आहे, तू सांग. एसटी लागली तशी तिनं पिशवी उचलली. मग म्हणाली, "मावशी, मला नको विचारूस. हो म्हटलं तर आई आत्ताच जाईल. नाही म्हटलं तर गावातल्या बायका माझ्या माथी. तू मोठी आहेस, तू ठरव. मी तुला नावं ठेवणार नाही." आणि चढून खिडकीशी जाऊन बसली. मला तिचा हेवा वाटला.

सोमवारी मी दुरुस्ती घातली. फार विचार करून ठरवलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. विचार करून करून मी इतकी थकले होते की शेवटी जे खरं होतं तेच घातलं. दुसरं काही लक्षात ठेवायची ताकद नव्हती.

आठवड्याभरात कुसळवाडी फोनवर लाल दिसायला लागली. आंबेदऱ्याचे लोक सभ्य. त्यांनी रंगाचं नावही काढलं नाही. मुलगा आत्ता लग्न करायचं नाही म्हणतोय, एवढंच अलकाच्या नवऱ्याला, दत्तारावांना, फोनवर सांगितलं. दत्तारावांनी मला कळवलं आणि वर म्हणाले, "तुमचा दोष नाही ताई." ते ऐकून जास्तच लागलं.

अलकानं बॅग भरली. मी म्हटलं, अगं, पुढच्या आठवड्यात औषध चढवायचंय.

"तुझ्या हिशेबानं मी कुसळवाडीची ना? मग इथं काय करू?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रिक्षात बसताना मी हात पुढं केला तर तिनं दाराचा दांडा धरला.

पावसाळा सरता सरता फुंकरगाडी कुसळवाडीत गेली. मी बरोबर गेले. ऑफिसनं पाठवलं नव्हतं, पण घरी बसवेना. गाडी शाळेच्या पटांगणात उभी केली. गाडीवरची तंत्रज्ञ नाझिया सकाळपासून नळी पुसून तयार होती. एक बाई फिरकली नाही. सरपंच तेवढे येऊन गेले. "मॅडम, तुम्ही गावाला डाग लावला. आता कोण येईल? घराघरातल्या पोरी मामाच्या गावाला पाठवल्यात लोकांनी. तिकडचा पत्ता लावून घेणार आहेत." म्हणजे पुन्हा तेच. मी पत्ते सरळ केले आणि गावानं नव्यानं वाकडे करायला घेतले. मी गाडीच्या पायरीवर बसले.

उन्हं वर आली तेव्हा पटांगणाच्या टोकाकडून ईश्वरी येताना दिसली. खांद्याला धरून तिनं अलकाला आणलं होतं. अलका निम्मी झाली होती. चार पावलं टाकायची, थांबायची. घरांच्या दारांतून बायका बघत होत्या. ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि खुर्चीत बसून नाझियाला म्हणाली, "लिही. अलका दत्तात्रय मोहिते, कुसळवाडी."

नाझियानं नोंद बघितली. "काकू, तुमचं निदान झालेलं आहे. तुम्हाला तपासायची गरज नाही."

"मला ठाऊक आहे. तू नळी दे." मग दारांतल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "जे मोडायचं ते मोडलं. माझ्या लेकीचं लग्न गेलं ह्या गाडीपायी. आता ती रिकामी परत गेली तर मी कोणाला सोडायची नाही."

तिनं फुंकलं. दमली. आईला उठवून ईश्वरी बसली. ईश्वरीचं होतं न होतं तोच समोरच्या घरातून मंगल तरातरा आली, पदर खोचलेला, हाताला पीठ. "हिनं केलं ते आम्हाला जमत नाही असं वाटतंय की काय हिला," असं म्हणत खुर्चीत बसली आणि नळी ओढून घेतली. मोहित्यांच्या दोन्ही सुना बसलेल्या बघितल्यावर मग लताची सासू आली. मग शकूची नणंद. दुपारपर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. त्या दिवसापासून गाडी कुसळवाडीला आठवडाभर राहिली. मामाच्या गावी गेलेल्या पोरीही दोघी-दोघी करून परतल्या.

ईश्वरीचा श्वास स्वच्छ निघाला. मी तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. आनंद झालाच, पण मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं, ते सांगते. तिचं लग्न मोडलं ते तिच्या जिवासाठी, असं मी स्वतःला समजावत आले होते. आता तेवढंही म्हणायला जागा राहिली नाही.

ज्यांच्या श्वासात वायू सापडले त्यात मंगल होती. पुढच्या तपासण्यांत आतड्यात हरभऱ्याएवढी गाठ निघाली, वेळेत काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर गेलं असतं तर हातात काही उरलं नसतं.

मार्गशीर्षात दत्तारावांचा फोन आला, येऊन जा. अलका ओसरीवरच्या खोलीत होती. मी उशाशी बसले. तिचे डोळे मिटलेलेच होते. मग न उघडताच म्हणाली, "कोण वाचलं म्हणे?"

इतक्या महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. म्हटलं, "मंगल."

"ती होय." तिनं श्वास घेतला. "एवढं सगळं करून तू वाचवलीस कोणाला, तर तिला. दुसरं कोणी मिळालं नाही?"

मला हसूही आलं आणि रडूही. तीही हसायला गेली, पण पोटात कळ आली म्हणून थांबली. "बोलाव तिला."

मंगल दारातच उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. अलकानं डोळे उघडले.

"बरी आहेस ना आता?"

"हो बाई."

"मग ईश्वरीचं तू करायचं. बघायला आले की तू बसायचंस. रंगाचं विचारलं तर उत्तर तू द्यायचंस. मांडवात मुलीची आई म्हणून तू उभी राहायचंस, सासूबाई नाहीत, की ही माझी ताई नाही. तू."

मंगल मान हलवत राहिली. रडत होती.

"मान नको हलवू. तोंडानं म्हण."

"करीन," मंगल म्हणाली. आत आली आणि अलकाच्या पायाशी, पलंगाच्या कडेला, टेकली.

अलकानं माझ्याकडे मान वळवली. "ताई, ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.